वकिलांनी अपील टाकलंच नाही, भाऊ येरवड्यात आहे. आता मार्ग कोणता?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या धाकट्या भावाला अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी १० जानेवारी २०२५ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न) खाली सात वर्षं सक्तमजुरी दिली. त्याच दिवशी त्याला ताब्यात घेतलं आणि पुढे येरवड्याला नेलं. खटला सुरू होण्याआधी तो आठ महिने कच्चा कैदी म्हणून आत होता. खटला चालवणाऱ्या वकिलांनी अपिलासाठी पस्तीस हजार घेतले, काही फोन पेने, काही रोख. मार्चमध्ये ‘मुंबईला टाकलंय’, जूनमध्ये ‘सुट्टीनंतर लागेल’, सप्टेंबरमध्ये ‘आता सगळं कोल्हापूरला गेलंय, थांबा’ अशी उत्तरं मिळत गेली. २४ नोव्हेंबरला ताईंनी एका ओळखीच्या कारकुनाकडून तपासलं, तर अपील दाखलच नाही. ताई विचारतात, “मुदत संपली म्हणजे भावाचा हक्क संपला का? आणि या वकिलांचं काय करायचं?”

ताई, हक्क संपलेला नाही. आपल्याकडे शिक्षेविरुद्धचं पहिलं अपील ही मेहेरबानी नाही. घटनेच्या कलम २१ मधल्या स्वातंत्र्याच्या हमीचा तो भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने दहाणूकर विरुद्ध कोटक महिंद्रा या २००७ च्या निकालात म्हटलं आहे. मुदत कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होतो. पण माफी आपोआप मिळत नाही, आणि ‘वकिलांनी फसवलं’ एवढ्या एका वाक्यावर तर मिळतच नाही. त्यामुळे पुढचे पंधरा-वीस दिवस फार महत्त्वाचे आहेत.

आधी खात्री करा की अपील खरंच कुठेच नाही. ओळखीच्या माणसाने एकदा पाहिलं, एवढ्यावर थांबू नका. तीन जागा तपासायच्या. पहिली मुंबई उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ. तिथे पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण नाव इंग्रजी स्पेलिंगने टाकावं लागतं, आणि सोलापुरातली तेलुगू व कन्नड आडनावं चार तऱ्हांनी लिहिली जातात. प्रत्येक स्पेलिंग टाकून पाहा, वकिलांच्या नावानेही शोधा. मुंबईचं मुख्य पीठ आणि कोल्हापूरचं सर्किट बेंच, दोन्हीकडे पाहा. कोल्हापूरचं काम १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आला. तुमच्या भावाचं अपील मार्चमध्ये टाकलं असतं तर ते मुंबईतच पडलं असतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट ‘स्टॅम्प नंबर’ची. उच्च न्यायालयात कागद आत गेला की आधी स्टॅम्प नंबर पडतो. मग कार्यालय कागद तपासून हरकती काढतं: एखादं पान अस्पष्ट आहे, वकीलपत्रावर तुरुंगाची साक्ष नाही, मराठी कागदाचं भाषांतर नाही. हरकती काढून टाकल्यावरच पक्का नोंदणी क्रमांक मिळतो. पुष्कळदा वकिलांनी ‘टाकलं’ म्हटलेलं खरं असतं, पण हरकती तशाच राहिल्यामुळे प्रकरण तिथेच अडकतं किंवा निकाली निघतं. तसं असेल तर नवं अपील टाकायचं नसतं, जुनंच जागं करण्याचा अर्ज करायचा असतो, आणि मग उशिराचा प्रश्न बराच हलका होतो.

तिसरी जागा येरवडा कारागृह. कैद्याला तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३८३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४२४ आहे. अनेक कैदी घरी न सांगता असं ‘जेल अपील’ पाठवून मोकळे होतात. पुढच्या मुलाखतीत भावाला स्पष्ट विचारा: “तू कुठल्या कागदावर सही केलीस का? कुणी विधी सेवेचा मोफत वकील भेटून गेला का?” तुरुंगाच्या न्यायालयीन शाखेत याची नोंद असते. जेल अपील आधीच गेलं असेल आणि तुम्ही दुसरं टाकलं, तर एकाच निकालावर दोन अपिलं होतात आणि दोन वकील एकमेकांना न कळता काम करत राहतात.

आता दिवस मोजू. अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी दिलेल्या शिक्षेवर अपील उच्च न्यायालयात जातं आणि मुदत साठ दिवसांची असते. (निकालाच्या पहिल्या पानावर न्यायाधीशांचं पद वाचा. तिथे ‘सहायक सत्र न्यायाधीश’ असेल आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल, तर अपील सोलापूरच्याच सत्र न्यायालयात, तीस दिवसांत. ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते.) निकालाचा दिवस सोडायचा. ११ जानेवारीपासून साठ दिवस मोजले की ११ मार्च २०२५ येतो. त्यात सर्टिफाईड नकल मिळायला लागलेले दिवस मिळवायचे. नकलेच्या मागच्या पानावर शिक्का असतो: अर्जाची तारीख, नकल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख. तुम्ही पाठवलेल्या फोटोत अर्ज १६ जानेवारीचा आणि नकल तयार ३१ जानेवारीला, म्हणजे दोन्ही दिवस धरून सोळा. मुदत २७ मार्चपर्यंत आली. नकल तयार होऊनही तुम्ही चार दिवसांनी नेली असेल तर ते चार दिवस मिळत नाहीत.

समजा अपील १५ डिसेंबरला दाखल होतंय. मग २८ मार्चपासून मोजून उशीर २६३ दिवसांचा. अर्जात हाच आकडा लिहायचा, ‘सुमारे नऊ महिने’ असं नाही. मोजणीत शंका असेल तर दिवस थोडे जास्त दाखवलेले चालतात. कमी दाखवले तर हरकत निघते आणि अर्ज दुरुस्त करण्यात आणखी आठवडा जातो.

नकल हरवली असेल किंवा वकील देत नसतील तर त्यासाठी अडून बसू नका. अपील होऊ शकणाऱ्या निकालाची सर्टिफाईड नकल आरोपीला मागितल्यावर विनामूल्य द्यावी लागते. जुनं कलम ३६३, नवं ४०४. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाच्या नकल शाखेत खटल्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख लिहून भावाच्या नावाने अर्ज द्या. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कैद्याला निकालाची प्रत वेळेत फुकट मिळाली पाहिजे, तुरुंगाने ती देऊन लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील नसेल तर तोही मिळाला पाहिजे. भावाला निकालाच्या दिवशी कोर्टात जी प्रत दिली, तिच्यावर त्याची सही केव्हा घेतली ती तारीखही विचारून ठेवा. सरकारी पक्ष ती काढू शकतो.

ताई, अर्जाचा खरा गाभा आता येतो. वकिलाच्या चुकीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलालमध्ये म्हटलं आहे की वकिलाच्या दोषाची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको. १९९८ च्या बालकृष्णन खटल्यात म्हटलं आहे की उशीर किती दिवसांचा यापेक्षा कारण पटतं की नाही हे महत्त्वाचं. पण २०२४ च्या रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाशमध्ये न्यायालयाने बजावलं आहे की सगळं वकिलावर ढकलून पक्षकाराला हात झटकता येणार नाहीत, त्याने स्वतः चौकशी करत राहिलं पाहिजे. तो दिवाणी दावा होता, इथे माणूस तुरुंगात आहे, हा फरक तुमच्या बाजूचा. तरीही न्यायाधीशांच्या मनात प्रश्न एकच असणार: या नऊ महिन्यांत तुम्ही काय केलंत?

त्याचं उत्तर तारखांनी द्यायचं. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे तारीख, उजवीकडे काय घडलं आणि त्याचा पुरावा काय. पैसे दिलेत तो दिवस, फोन पेची नोंद. रोख दिलेत त्याच्या आदल्या दिवशी बँकेतून काढले असतील तर पासबुकातली ओळ. वकिलांना केलेले फोन, व्हॉट्सॲपवरचं ‘टाकलंय’ हे उत्तर, तुम्ही कार्यालयात गेलात त्या तारखा, भावाच्या मुलाखतीचे दिवस. फोनमधली जुनी कॉल यादी आपोआप पुसली जाते, म्हणून आजच स्क्रीनशॉट घ्या. व्हॉट्सॲपचं संभाषण पुसू नका, फोन बदलू नका. पुढे कुणी खरेपणावर बोट ठेवलं तर मूळ फोन लागतो आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

या वहीत मोकळी जागा राहिली तर तिला घाबरू नका, पण ती खोट्याने भरू नका. एप्रिल-मेमध्ये तुम्ही दोन महिने फोनच केला नसेल, तर का नाही ते सरळ लिहा: विडीचं काम, घरात लहान मुलं, मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते म्हणून वकिलांनी थांबायला सांगितलं. अर्ज बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे शेजारच्या डॉक्टरकडून आणलेलं कावीळ नाहीतर टायफॉईडचं सर्टिफिकेट. २६३ दिवस कुणी कावीळीने झोपून राहत नाही. एक कागद खोटा वाटला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

आणि २४ नोव्हेंबरनंतरचा काळ विसरू नका. चूक कळल्यापासून दाखल होईपर्यंतचा हिशेब जवळजवळ प्रत्येक अर्जात गाळलेला असतो, आणि सरकारी वकील नेमका तिथेच बोट ठेवतात. कळल्यावर दोन दिवसांत नकलेचा अर्ज, आठवड्यात तुरुंगातून वकीलपत्र, तीन आठवड्यांत दाखल, असा क्रम दिसला तर मागचा उशीरही न्यायालयाला खरा वाटतो.

वकिलांशी भांडण नंतर. आधी त्यांना चार ओळींचं साधं पत्र द्या, हातात देऊन प्रतीवर सही घ्या किंवा स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा. त्यात इतकंच लिहा: “आपण माझ्या भावाच्या शिक्षेविरुद्ध अपील दाखल करण्यासाठी काम स्वीकारलं होतं. अपील दाखल झाल्याची नोंद सापडत नाही. दाखल केलं असल्यास क्रमांक व तारीख कळवावी. नसल्यास खटल्याचे सर्व कागद सात दिवसांत परत द्यावेत.” या पत्राचे दोन उपयोग. ज्याच्यावर आरोप करताय त्याला विचारलंच नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. शिवाय अनेक वकील असं पत्र आल्यावर वरमतात आणि ‘माझ्या कार्यालयाकडून राहून गेलं’ असं प्रतिज्ञापत्र करून द्यायला तयार होतात. आमच्या मते विलंब माफीच्या अर्जाला याहून भक्कम कागद नाही. म्हणून पहिल्याच दिवशी शिवीगाळ, पोलीस, समाजमाध्यमांवर नाव, यातलं काही करू नका.

कागद अडवून ‘राहिलेली फी द्या’ म्हणाले, तर त्यांना तसा हक्क नाही. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद रोखता येत नाहीत. तुम्हाला लागतील ते कागद असे: दोषारोपपत्र, साक्षीदारांचे जबाब आणि उलटतपासण्या, आरोपीचा जबाब, वैद्यकीय कागद. नुसतं अपील दाखल करायला निकालाची नकल पुरते. पण शिक्षा स्थगितीवर बोलताना नव्या वकिलाच्या हातात साक्षी असल्याच पाहिजेत.

नव्या वकिलाला जुन्या वकिलाची ‘ना हरकत’ लागेल का, हेही तुम्ही विचारलं आहे. उच्च न्यायालयात अपीलच दाखल नाही, म्हणजे तिथे त्यांचं वकीलपत्रही नाही. त्यामुळे लागत नाही. फक्त स्टॅम्प नंबर सापडला तर लागेल. नव्या वकिलाला पैसे देण्यापूर्वी एकच विचारा: जुन्या वकिलांची चूक तुम्ही अर्जात स्पष्ट लिहाल का? गावातल्या सहकाऱ्याविरुद्ध लिहायला काही जण बिचकतात आणि मग अर्जात ‘अपरिहार्य कारणांमुळे’ असं गुळमुळीत वाक्य येतं.

पैसे संपले असतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या माणसाला १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमचं शेत आहे की पत्र्याचं घर, हे तिथे विचारलं जात नाही. सोलापूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय किंवा येरवड्यातलं विधी सहाय्य केंद्र, दोन्हीकडून अर्ज पुढे जातो. फोनवर माहिती हवी असेल तर १५१००.

कोल्हापूरला तीन गोष्टी एकत्र दाखल करायच्या: अपील, उशीर माफीचा अर्ज, आणि शिक्षा स्थगित करून जामीन देण्याचा अर्ज. जुन्या संहितेतलं कलम ३८९, आताचं ४३०. उशीर माफ होईपर्यंत अपील कायद्याच्या दृष्टीने उभंच राहत नाही, त्यामुळे जामिनाचा अर्ज नंतर करू म्हणणारे पुन्हा दोन-तीन महिने घालवतात. तिन्ही तयार असले तर उशीर माफ झाल्यावर लगेच स्थगितीची सुनावणी मागता येते.

प्रतिज्ञापत्र दोघांचं द्या. भावाचं छोटं, तुरुंग अधिकाऱ्यासमोर सही केलेलं: मी आत होतो, बहिणीवर आणि वकिलांवर अवलंबून होतो. तुमचं सविस्तर, कारण फोन तुम्ही केलेत, पैसे तुम्ही दिलेत. ते इंग्रजीत असणार, म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक परिच्छेद मराठीत वाचून घ्या आणि ‘मराठीत समजावून सांगितले’ अशी नोंद खाली आहे का ते पाहा. कारकुनाने घाईत केलेल्या मसुद्यात तुमच्या वहीशी न जुळणारी एखादी तारीख हमखास येते.

स्थगिती मिळेलच असं सांगणार नाही. पण ठरावीक मुदतीची शिक्षा असेल आणि अपील लवकर ऐकलं जाण्याची शक्यता नसेल, तर स्थगितीचा विचार उदारपणे करावा, असं १९९९ च्या भगवान रामा शिंदे गोसाई खटल्यात म्हटलं आहे. तुमच्या भावाचे आधीचे आठ महिने शिक्षेतून वजा होतात. १० डिसेंबरला त्याचे एकोणीस महिने पुरे होतात. खटला चालू असताना जामिनावर असताना त्याने एकही तारीख चुकवली नसेल तर ते ठळकपणे लिहा. दंड भरला आहे की नाही तेही पाहा. भरला नसेल तर भरून पावती जोडा किंवा दंडाच्या स्थगितीचीही मागणी करा.

वकिलांवरच्या कारवाईबद्दल. ग्राहक मंचाचा रस्ता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. वकील कायद्याच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येते. ताकीद, ठरावीक काळ सनद निलंबन किंवा नाव काढून टाकणं, एवढं तिथे होऊ शकतं. तुमचे पस्तीस हजार तिथून वसूल होत नाहीत, त्यासाठी दिवाणी दावा लागतो. तक्रार जरूर करा, पण अपील दाखल झाल्यावर, आणि वकिलांनी प्रतिज्ञापत्र दिलं तर करायची की नाही ते तेव्हा ठरवा. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत अपील थांबवून ठेवणं हा मात्र मोठा घात ठरेल.

याच विषयावर बार्शी आणि पंढरपूरहूनही विचारणा आल्या आहेत, त्या चेक बाऊन्सच्या शिक्षांबद्दल. तिथे माणूस बाहेर असतो म्हणून निष्काळजीपणा जास्त होतो. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेवर अपील सत्र न्यायालयात तीस दिवसांत. शिक्षा देणारं न्यायालय अपिलापुरता जो थोड्या दिवसांचा जामीन देतं, तो संपला आणि अपील नसलं की वॉरंट निघतं. वॉरंट निघाल्यावर लपून बसलेल्या माणसाचा उशीर माफ करायला कुणी पटकन तयार होत नाही. आणि सत्र न्यायालय शिक्षा स्थगित करताना भरपाईच्या किमान वीस टक्के रक्कम भरायला सांगू शकतं, ती तयारी ठेवूनच जा.

ताई, या आठवड्यात येरवड्याला मुलाखतीला जाताना वकीलपत्राचे तीन कोरे नमुने नव्या वकिलांची नावं घालून न्या. एक खराब होतो, एकावर शिक्का नीट उठत नाही. अधीक्षकांच्या साक्षीची सही आणि तारीख तिन्हींवर तिथेच तपासून घ्या, नाहीतर सोलापूर-पुणे अशी आणखी एक फेरी आणि आणखी आठ दिवस जातील. भावाला सांगा, यापुढे कुणी दुसरा वकील कागद घेऊन आला तर तुम्हाला विचारल्याशिवाय सही करू नकोस.